मधल्या सुट्टीत बसून राहिलेलं पोर

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका पोराचा पंचवीस टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळेत नंबर लागला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही वाट मोकळी झाली. अर्ज मीच भरला होता. ऑफिसात दिवसभर कागदच भरतो, समाजासाठी एवढं तरी करावं. विहारात आम्ही पेढेही वाटले. प्रवेश झाला, माझं काम संपलं, असं मी धरून चाललो.

दिवाळीनंतर त्याची आई आली. चार घरची धुणीभांडी करते ती. "भाऊ, पोरगं सुट्टीत खेळतच नाही वो. भिंतीला टेकून बसतंय, म्हणं."

पोराला जवळ घेऊन विचारलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "काका, पळालं की बूट झिजत्यात. आई म्हटली, हेच वर्षभर पुरवायचं."

आईने पदर तोंडाला लावला.

मला माझी खेड्यातली शाळा आठवली. वर्गात आम्ही सगळ्यांबरोबरच बसायचो. स्वतंत्र शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१९ सालीच काढला होता. पण मधल्या सुट्टीत खो-खो रंगला, की काही पोरं आमच्या पाठीला हात न लावता लांबूनच 'खो' ओरडायची. नियमाने तो फाऊल. पण म्हणणार कोण? गुरुजी चहाला गेलेले असत. घसा सुकला, की वरून पाणी ओतणाऱ्याची वाट बघायची. कमी पळालं तर तहान कमी लागते, हे गणित मी नवव्या वर्षी शिकलो; बी.कॉम.ला त्याहून पक्कं काही शिकलो नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांनाही शिपाई असला तरच पाणी मिळे. त्यांनी ते लिहून ठेवलं आहे.

शाळेला मैदान हवं, असंही त्या कायद्यात आहे. या शाळेचं मैदान चांगलं ऐसपैस आहे. वर्गातली जागा अर्ज भरून मिळाली. मैदानातल्या जागेचा अर्ज कुठे करायचा?

बुटांसाठी दोघे-तिघे पैसे काढायला तयार झाले. आई म्हणाली, "नको, पगार झाला की मीच घेते."

पुढच्या रविवारी विहाराच्या अंगणात शिवणापाणीचा डाव मांडला. पोराने बूट काढले, पायरीवर नीट जोडीने ठेवले आणि अनवाणी पळत सुटला.