पहिल्या पावसाची भाजी

मैत्रिणींनो, जूनमध्ये कुणी सहलीला निघतं का? शाळा उघडायच्या असतात, लोणच्याच्या बरण्या भरायच्या असतात. पण माझ्या धाकट्या नणंदेचं बिऱ्हाड बस्तरात, जगदलपूरला. तिचा एकच हट्ट, "वहिनी, पहिला पाऊस पडला की या. इकडची खरी मजा तेव्हाच." रायपूरपर्यंत रेल्वेने गेलो, पुढे तीनशे किलोमीटर बस. केशकालचा घाट चढून गेल्यावर दुतर्फा सालाची उंच झाडं लागली. बस्तरला सालवनांचं बेट म्हणतात ते उगीच नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही संजय बाजारात गेलो. बायकांच्या टोपल्यांत मातीने माखलेले, बोराएवढे गोळे. मला वाटलं, बारके बटाटे. भाव ऐकला आणि पिशवी मिटली. मटणाहून महाग! "अहो वहिनी, हा बोडा. वर्षातून एकदाच येतो," नणंद म्हणाली. विकणारी बाई हलबी बोलत होती. ही बोली आपल्या मराठी कानाला निम्मीशिम्मी कळते. ढग गडगडले की सालाखालची जमीन तडकते आणि बोडा वर येतो, असं ती सांगत होती. "मग परसात का लावत नाही?" मी विचारलं. ती पदर तोंडाशी धरून हसली. "आधी साल लाव!"

त्या हसण्यातच सगळं शास्त्र होतं, बरं का. बोडा ही एक अळंबी, म्हणजे बुरशीच. आपल्या घरात बुरशी म्हणजे वैरीण; लोणच्यावर आली की जीव हळहळतो. पण ही बुरशी सालाच्या कोवळ्या मुळांना वेढून राहते. तिचे केसाहून बारीक तंतू मातीत दूरवर पसरतात आणि मुळांना न पोचणारं पाणी अन् स्फुरद झाडाला आणून देतात. बदल्यात झाड पानांत तयार केलेल्या साखरेतला वाटा तिला देतं. म्हणून धिंगरी जशी पेंढ्यावर वाढवता येते, तसा बोडा वाढवता येत नाही. त्याला जिवंत मूळच लागतं. माझाच प्रश्न एका जर्मन शास्त्रज्ञालाही पडला होता. आल्बर्ट फ्रांक याला प्रशियाच्या सरकारने ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीची लागवड करता येईल का, ते शोधायला सांगितलं होतं. शोधता शोधता त्याला ही भागीदारी सापडली आणि १८८५ साली त्याने तिला 'मायकोरायझा', म्हणजे बुरशी-मूळ, असं नाव दिलं.

आता माझी फजिती सांगते. मागच्या खेपेला सालाच्या पंखवाल्या बिया हौसेने पुण्याला नेल्या होत्या. पंधरा दिवसांनी कुंडीत लावल्या, एकही रुजली नाही. मी मातीला बोल लावला. आता कळलं, सालाचं बी जेमतेम आठवडाभरच जिवंत राहतं! बी पडायचं आणि पाऊस यायचा, हा मुहूर्त निसर्गाने जुळवलेला. पाऊस लांबला की बी सुकतं, बोडाही रुसतो. उन्हाळ्यात जंगलाला वणवा लागला की पाचोळ्याबरोबर कोवळी रोपंही जळतात. आणि कोरड्या वर्षी झाडाचीच कमाई घटली, तर बुरशीच्या वाट्याला काय येणार? हवामानाची घडी विस्कटतेय असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, पण या बायकांना ते टोपलीत दिसतं. त्यांच्या हातात चार पैसे येतात ते याच दिवसांत.

माणसानेही घाई केलीच होती. १९७० च्या दशकात कागदाच्या लगद्यासाठी इथला साल तोडून परदेशी पाइन लावायची योजना जागतिक बँकेच्या मदतीने निघाली होती. आदिवासींनी विरोध केला आणि पुढे ती गुंडाळावी लागली. झाड तोडायला एक सकाळ पुरते, पण मातीतला हा संसार पुन्हा मांडायला किती पिढ्या लागतील?

शेवटी पावशेर बोडा घेतलाच. पाच-सहा पाण्यांतून धुवायचा, माती अगदी निघाली पाहिजे. मग एकेक चिरून पाहायचा. आतून पांढरा तो घ्यायचा. काळा पडला असेल तर तो जून, टाकून द्यायचा. कांदा, लसूण, टोमॅटोवर परतून शिजवला. चव विचाराल तर, मटण न खाणाऱ्या माझ्या सासूबाईंना सांगायची सोय नाही!

आणि एक घरचं सांगते. आपल्या कुंडीतल्या तुळशीच्या, मिरचीच्या मुळांनाही अशाच, पण वेगळ्या जातीच्या बुरशीची सोबत असते. ती डोळ्यांना दिसत नाही, तिला अळंबीही येत नाही. म्हणून कुंडी बदलताना मुळं खळखळून धुऊ नका. जुनी मूठभर माती नव्या कुंडीत जाऊ द्या, आणि रासायनिक खताचा मारा करू नका. सासरी निघालेल्या मुलीच्या पदरात आपण माहेरचं काहीतरी बांधून देतोच ना? रोपालाही तेवढं द्यावं.