भेरूघाटातील काटा

मोटारीचे इंजिन आम्ही प्रथम पाहिले ते फळ्यावर. मराठीचे एम.ए. असूनही विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की तो तास आमच्याकडे येई. सिलिंडरात दट्ट्या खाली उतरला की हवा व पेट्रोल आत येते, वर चढला की ते दाबले जाते, ठिणगी पडून भडका उडाला की दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर जातो. या चार खेपांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. चार सिलिंडर पेटण्याचा एक, तीन, चार, दोन हा क्रम तर आम्हाला वृत्तातल्या गणांसारखा मुखोद्गत होता.

पुढे सनावदला असताना आम्ही १९८४ची जुनी अँबॅसडर घेतली. इंजिन १४८९ घन सेंटीमीटरचे, आठ झडपांचे. रोज सकाळी गाडीखाली ओल दिसे. ती आम्ही तुळशीला घातलेल्या पाण्याची समजलो!

२००३ साली आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी इंदूरला निघालो. भेरूघाटाच्या चढणीवर इंजिन फुरफुरले, पांढरा धूर सुटला आणि गाडी थांबली. आई रस्त्याकडेच्या दगडावर मांडीत पिशवी घेऊन बसली. एका भल्या ट्रकवाल्याने गाडी ओढून सिमरोळला नेली.

तेथील मिस्त्रींनी तेल मोजण्याची दांडी काढून आमच्यापुढे धरली. तेल दूध घातलेल्या चहासारखे झाले होते. मग त्यांनी हेड उतरवले. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. सिलिंडरातला विस्तव, भोवती खेळणारे पाणी आणि तेल या तिघांना ते एकमेकांपासून दूर ठेवते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असता एकेका सिलिंडरात सेकंदाला २५ भडके उडतात. तो सारा ताप वाहून नेणारे पाणी रेडिएटरच्या फाटक्या नळीतून केव्हाच गळून गेले होते. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये जळाले होते. आमच्या फळ्यावरच्या आकृतीत ते कधी आलेच नव्हते. पाण्याचा पंपही नव्हता.

"माटसाब, गाड़ी ने तो बताया था, आपने देखा नहीं," मिस्त्री म्हणाले आणि उष्णतेच्या काट्याकडे बोट दाखवले. आम्ही निरुत्तर झालो. घाट चढताना आम्ही आईला क्रँकशाफ्ट समजावून सांगत होतो.

शस्त्रक्रियेची तारीख हुकली. पुढची मिळाली दीड महिन्याने. तोवर आई भिंतीला हात लावून घरात वावरत होती. ती आम्हास एका शब्दानेही बोलली नाही, हे अधिक लागले.

दुसऱ्या खेपेस ती पुढच्या आसनावर बसली. बलवाडा मागे पडताच विचारू लागली, "काटा कुठवर आला रे?" घाट संपेपर्यंत तिने पाच-सहा वेळा तरी विचारले असेल, आणि आम्ही दर वेळी खरे तेच सांगितले. आठ-दहा दिवसांनी, पट्टी सुटल्यावर परत निघालो, तेव्हा तिने विचारले नाही. चष्मा सावरून काटा तीच पाहत होती.