आधी शेपट्या मोजा!

आभाळात गडगडाट झाला की आमच्या इनामगावची पोरं ओरडतात, "गुरुजी, मिग!" मी म्हणतो, आधी शेपट्या मोजा. उभ्या दोन दिसल्या, तर बहुधा लोहगावचं सुखोई. मिग-२१ ला एकच शेपटी, पंख त्रिकोणी, नाकाशी वाटोळं तोंड. पण ते २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. पुण्याच्या युद्धस्मारकात मिग-२३ मात्र जवळून बघा. त्याचे पंख उडताना मागेपुढे सरकायचे! आपल्या गावच्या टेकाडात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी खापराच्या तुकड्यांवरून जोर्वे काळ ओळखला ना? तसंच हे.

वहीत तारीख, वेळ, शेपट्या, पंख लिहा. खात्री नसेल तर नावाची जागा कोरी सोडा. आमच्या एका पोरीच्या वहीत अशा सात कोऱ्या जागा आहेत. मला तिच्याच वहीचा जास्त भरवसा वाटतो.