स्वतःच्याच मागून चालणारी यादी

प्रोग्रॅममध्ये दोन याद्यांमधून बरोबरीनं जायचं तर नेहमीच्या लूपमध्ये एक ‘आय’ लागतो. तो मोजत मोजत पुढे सरकतो आणि दोन्हीकडच्या त्या क्रमांकाच्या घरात डोकावतो. हास्केल या भाषेत हा मोजणारा मधून निघून जातो. ‘झिप’ दोन्ही याद्यांतले पहिले घटक शेजारी बसवतं, मग दुसरे, मग तिसरे. एक यादी संपली की तिथंच थांबतं. ओकॅमल भाषेतलं, दोन याद्यांवर चालणारं ‘मॅप२’ मात्र लांबी जुळली नाही की चूक दाखवून अडून बसतं, आणि हिशेबाच्या कामात मला तो कडकपणाच हवासा वाटतो; मुकाट्यानं गळलेली शेवटची नोंद फार उशिरा सापडते. पायथननंही २०२१ मध्ये ३.१० या आवृत्तीत झिपला तशी सोय दिली.

तरी हास्केलच्या त्या थांबण्यावर माझा जीव आहे. १, २, ३ अशी कधीच न संपणारी यादी घ्यावी, शेजारी आपली चिमुकली यादी ठेवावी. प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि उरलेलं अनंत कुणी मोजतच नाही. लागेल तेवढंच मोजायचं, हा त्या भाषेचा स्वभाव.

आणि मग हास्केलमधली ती फिबोनाची आकड्यांची एक ओळ! आधी शून्य, मग एक, आणि पुढे ‘झिपविथ’नं जोड्या लावत केलेली बेरीज: हीच यादी, आणि पहिला घटक वगळलेली हीच यादी.

०, १, १, २, ३, ५
१, १, २, ३, ५, ८

वरखालच्या जोड्या मिळवत जा: १, २, ३, ५, ८, १३. यादी अजून पुरी झालेली नाही, आणि जेवढी झाली तेवढ्यावरच ती पुढची होते आहे. कितीदा पाहिलं तरी अंगावर काटा येतो.

या आकड्यांना ज्याचं नाव मिळालं त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. त्याआधी, ११५० च्या सुमारास, गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी मात्रावृत्तांच्या हिशेबात हेच आकडे मांडले होते. विरहांक तर त्यांच्याही आधीचा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. पाच मात्रांच्या रचना किती? चार मात्रांच्या पाच रचना घ्या, प्रत्येकीच्या शेवटी लघू ठेवा. तीन मात्रांच्या तीन घ्या, त्यांच्या शेवटी गुरू ठेवा. आठ झाल्या, एकही सुटली नाही, एकही दोनदा आली नाही.