दोन पानांची गरज

नाशिक रोडला राहून कुंडीत कोथिंबीर पेरणे हा मला तरी द्राविडी प्राणायाम वाटतो. ज्या जिल्ह्याची कोथिंबीर मुंबईला जाते, जिथल्या लिलावात तिचा भाव जुडीवर नव्हे, शेकड्यावर पुकारला जातो, तिथे बाल्कनीतल्या वीतभर मातीने स्पर्धा करायची कोणाशी? भाव कोसळला की शेतकरी उभ्या पिकात जनावरे सोडतो आणि पावसाने झोडपले की तीच जुडी शंभरी ओलांडते, हे खरे. पण ज्या दमट, ढगाळ हवेत शेतातली कोथिंबीर सडते, त्याच हवेत कुंडीतलीही पिवळी पडते. एप्रिलच्या उन्हात तर पानांचा विस्तार होण्याआधीच ती फुलावर येते. तेव्हा महागाईवर कुंडी हा काही उतारा नव्हे.

कुंडीत लावावे ते बाजार देत नाही किंवा आपल्या मापाने देत नाही ते. बाजाराचे माप जुडीचे, चहाच्या आधणाला मात्र गवती चहाची दोन पाती पुरतात. उरलेली जुडी फ्रिजमध्ये वाळते. ओव्याचे पान तर भाजीवालीच्या पाटीत क्वचितच दिसते. ते मसाल्यातल्या ओव्याचे झाड नव्हे, पण वास तसाच. जाड, लुसलुशीत आणि पटकन मोडणारे. बेसनात बुडवून भजी करायची तर ते खुडल्याबरोबर कढईत पडायला हवे. याची मोडलेली फांदीही मातीत खोचली की जगते. पुदिन्याला रोपवाटिकेत जावेच लागत नाही: जुडीतली पाने चटणीला घ्यावीत, देठ पाण्यात ठेवावेत, मुळे फुटली की लावावेत. फक्त त्याला कुंडी स्वतंत्र द्यावी, तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

कोणी म्हणेल, कढीपत्ता तर भाजीवाली कोथिंबिरीवर फुकट घालते. घालते खरी. पण ताजे पान खुडून उजेडासमोर धरावे. त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या, आणि फोडणीत चुरचुरतो तो वास त्यांचाच. पान वाळत जाते तसा तो उडतो. फुकटच्या डहाळीत रंग असतो, वास असेलच असे नाही. दुसरा आक्षेप फ्लॅटमधल्या उन्हाचा. तो रास्त आहे. कढीपत्ता आणि गवती चहा यांना भरपूर ऊन लागते. उत्तरेकडच्या बाल्कनीत ते रडतखडत वाढतात. तिथे पुदिना आणि ओवा यांवर समाधान मानावे.

राहिल्या अळ्या. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यामुळे लिंबावरची फुलपाखरे त्यावरही अंडी घालतात. लहानपणी ती अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. औषध मारले तर ते पान फोडणीला कसे घालणार? झाड कंबरेएवढे असेल, तर दोन अळ्या खाऊन खाऊन किती खाणार! रोप वीतभरच असेल, तर मात्र अलगद उचलून सोसायटीतल्या लिंबावर सोडाव्यात. त्यांना तेही चालते.