नव्या गावचं ऊन

यजमानांची बदली झाली आणि आम्ही सावंतवाडीहून नागपूरला आलो. रंगांची पेटी, ब्रश आणि कोरे कागद मी स्वतःच्या हातांनी बांधून आणले. माझ्या चित्रांना ओळखणारी माणसं मात्र तिकडेच राहिली. तिकडे मोती तलावाच्या काठी बोर्ड मांडीवर घेतला, की येणारे-जाणारे नावाने हाक मारायचे. घरात लावायला चित्र हवं असलं, की सरळ दारात यायचे. इथे फुटाळा तलावाच्या काठी दिवसभर बसले तरी कुणाला माझं नाव ठाऊक नव्हतं.

पण नावाच्या आधी हवेशी गाठ पडली. जलरंगात रंगाइतकंच पाणी महत्त्वाचं. कोकणात जुलैच्या दमट हवेत ओल्या कागदावर निळा सोडला, की तो सावकाश पसरतो. मग त्यात करडा मिसळायला, कडा विरवायला, कापसाने ढग टिपायला भरपूर वेळ मिळतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हवेत ओल नावाला नसते. आकाशाचा वॉश डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत डावी बाजू सुकून जाते आणि मधोमध कडक रेघ उमटते. वर्षानुवर्षं मुरलेला हात इथे पुन्हा शिकायला बसला. पहाटे उठायचं, कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा, ब्रश मोठा घ्यायचा आणि जिथे रेघ येणारच, तिथे ती सावलीची कड म्हणून वापरायची. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या सावल्या अशाच धारदार असतात. त्यांना ती रेघ शोभून दिसते.

पेटीही बदलली. सॅप ग्रीनची ट्यूब तिकडे बघता बघता संपायची, इथे ती पडून असते. येलो ऑकर आणि बर्न्ट सिएना मात्र पुरत नाहीत. फाल्गुनात रामटेकच्या वाटेवर पळस फुलतो. पानं झडलेल्या फांद्यांवरचा तो केशरी तांबडा कुठल्याही ट्यूबमधून आयता मिळत नाही. आधी पिवळ्याचा पातळ थर, तो पुरता सुकला की वर लाल. अशा वेळी हीच कोरडी हवा मदतीला येते: थर लवकर सुकतो आणि वरचा रंग गढूळ होत नाही.

सीताबर्डीत एक फ्रेमवाले काका आहेत. सुरुवातीला मी त्यांच्याकडे कोकणातली चित्रं नेली. काच पुसत ते म्हणाले, "छान आहे जी ताई, पण हे ऊन आपल्या इकडचं नाही." पुढे महालातल्या एका गल्लीचं चित्र नेलं. माउंटची पट्टी हातातच धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही दुपारची वेळ आहे ना जी? बारा-साडेबाराची?" वेळ तीच होती. ते चित्र त्यांनी दुकानात दर्शनी लावलं. पहिलं गिऱ्हाईक तिथूनच आलं, त्याच्या ओळखीने दुसरं. मग रविवारी बाहेर स्केचिंगला जाणाऱ्या मंडळींनीही बोलावलं.

अशा वेळी मला चित्रकार ना. श्री. बेंद्रे आठवतात. १९१० साली इंदुरात जन्म, तिथेच देवळालीकर मास्तरांकडे शिक्षण, मग मुंबईत निसर्गचित्रांनी झालेलं नाव. १९५० मध्ये, चाळिशीला टेकलेले असताना, ते शिकवायला बडोद्याच्या विद्यापीठात गेले. हातातली सिद्ध शैली घेऊन ते तिथे आरामात बसू शकले असते. पण विद्यार्थ्यांच्या संगतीत त्यांनी घनवादाचे, अमूर्ताचे प्रयोग केले. १९६६ मध्ये विद्यापीठ सोडून ते मुंबईला परतले आणि त्यांच्या कॅनव्हासवर ठिपके आले. गावागणिक त्यांचं चित्र बदललं, आणि प्रत्येक चित्र बेंद्र्यांचंच राहिलं.

गाव सोडून आलेल्या कलावंताला सगळे सांगतात, ओळखी वाढव, चार लोकांना भेट. त्यात तथ्य आहेच. पण मला भेटलेली माणसं चित्रामागून आली, आणि चित्र तेव्हाच बोलू लागलं जेव्हा त्यात त्यांची दुपार उतरली. जुन्या कामाची पुण्याई हात घडवते. नव्या गावात जागा मात्र त्या गावाकडे नीट बघूनच मिळवावी लागते. म्हणून शहर बदललेल्या प्रत्येक चित्रकाराला माझं मनापासून सांगणं आहे: नाव होईल तेव्हा होईल, आधी तिथल्या उन्हात जाऊन बसा आणि रंगवायला लागा.