क्लचप्लेटचा हिशेब

चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाटात आमच्या मारुती ८००ने पहिल्यांदा दगा दिला. ॲक्सिलरेटर दाबावा, इंजिनाचा आवाज चढत जावा आणि गाडीचा वेग मात्र वाढू नये. वर आत जळकट वास. घरी पोहोचेपर्यंत आम्ही निदान करून मोकळे झालो होतो : गाडी म्हातारी झाली. ती २००५ साली वडिलांनी घेतलेली. त्यांच्या पश्चात आमच्याकडे आली. वारशाने आलेल्या वस्तूचा दोष वारशावर ढकलणे सोपे असते.

मेस्त्रीने हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय अलगद काढला. अशा वेळी इंजिन धडपडून बंद पडायला हवे. आमचे निवांत चालू राहिले. क्लचची केबल त्याने यापूर्वी दोनदा जुळवून दिली होती. आता जुळवायला काही उरले नव्हते. त्याने खर्च सांगितला : प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून २,९०० रुपये, गिअरचे तेल ६००, नवी केबल २५० आणि मजुरी १,८००. एकूण ५,५५०. हाताच्या पंजाएवढ्या तबकडीसाठी एवढी मजुरी कशाला, असे आम्ही विचारलेच. त्यावर तो म्हणाला, "सर, प्लेट बदलायला वेळ लागत नाही. तिच्यापर्यंत पोचायला लागतो." तेल काढायचे, चाकांकडे जाणारे दांडे सोडवायचे, गिअरबॉक्स खाली उतरवायचा, मग कुठे ती तबकडी दिसते.

दुसऱ्या दिवशी ती दिसली. अस्तर रिव्हेटांपर्यंत खाल्लेले, कडा काळ्यानिळ्या. मेस्त्री म्हणाला, "ही वयानं गेली नाही. जाळलीय." पुस्तकाच्या समासातील खुणांवरून वाचक ओळखता येतो, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. प्लेटच्या झिजेवरून पाय ओळखता येतो, हे मात्र त्या दिवशी कळले.

तरीही आमचा बचाव तयार होता : प्लेट वडिलांच्या काळातील असणार. मेस्त्रीने काही न बोलता गाडीच्या खणातील वही पुढे केली. वडील तीत प्रत्येक दुरुस्ती लिहीत. तारीख, किलोमीटर, खर्च आणि कारण असे चार रकाने. वही आमच्या ताब्यात आल्यापासून आम्ही ती उघडलीही नव्हती. गाडीला १५ वर्षे झाली म्हणून फेरनोंदणीच्या आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, त्यांनी क्लच बदलून घेतला होता : ७१,३४० किलोमीटर, ३,४०० रुपये, कारण 'नैसर्गिक झीज'. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली, गाडी दारात उभी राहिली आणि वर्षभराने वडील गेले. आता काटा ९३,८६० वर होता. म्हणजे त्यांची प्लेट एकाहत्तर हजार किलोमीटर चालली होती आणि आमची साडेबावीस हजार.

गाडी शिकवताना वडील एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत : गिअर पडला की डावा पाय खाली, पेडल म्हणजे पायपुसणे नव्हे. पेडलवर पाय नुसता टेकवला तरी प्लेटवरची पकड ढिली होते, ती घसरत राहते आणि घसरत राहिली की जळते. चढावर गाडी थांबवायची तर हँडब्रेकवर. अर्ध्या क्लचवर तोलून धरायची नाही. आम्ही ते ऐकले होते, परीक्षेपुरते पाळलेही होते. पुढे कोणी शेजारी बसून पाहणारे उरले नाही.

एव्हाना एका भंगारवाल्याने गाडीची किंमतही करून ठेवली होती. तिच्याशी ५,५५० रुपयांची तुलना केली असती तर शहाणपण कोणत्या बाजूला आहे हे दिसलेच असते. परंतु आपल्या पायाने जाळलेल्या वस्तूला म्हातारी ठरवून भंगारात काढावे, हे काही मनाला पटेना. आम्ही पैसे दिले.

संध्याकाळी वही पुन्हा उघडली. वडिलांच्या अखेरच्या नोंदीखाली तारीख, किलोमीटर आणि खर्च लिहिला. चौथ्या रकान्यापाशी हात बराच वेळ थांबला. मग लिहिले : 'चालकाचा पाय'.